रविवारचं न्हाणं: दोन तास मला कुणी हाक मारू नका

निगुती | रविवार, दुपारी १२:४०

गेल्या रविवारी नणंदेचा फोन आला. नवऱ्याने उचलला आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "ती न्हायला बसलीय, अकरानंतर कर." तिकडून घाबरा आवाज, "अरे देवा! कोण गेलं?" सण नाही, वार नाही आणि बाई सकाळी साडेनऊपासून केस धुतेय म्हणजे सुतकच असणार, असा तिचा हिशेब. म्हणून हा धागा.

मी कोथरूडची, वय ४७. केस कमरेपर्यंत नाहीत, कधी नव्हतेही. तर शनिवारी रात्री ओटा आवरला की लोखंडी कढईत तीन चमचे शिकेकाईची पूड भिजत घालते. सकाळपर्यंत पाणी काळंकुट्ट होतं. खोबरेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, भांग पाडत पाडत बोटांच्या पेरांनी तेल जिरवायचं, नखं लावायची नाहीत. मग बुचडा बांधून गॅलरीत अर्धा तास बैठक. पेपर आधीच उघडून ठेवलेला असतो, कारण तेलकट हातांनी ना पान उलटता येत, ना मोबाईल धरता येत. खरं सांगू, या सगळ्या खटाटोपाचा सगळ्यात मोठा फायदा हाच. "अगं, झारा कुठे ठेवलास?" अशी हाक आली की दोन्ही हात वर करून दाखवायचे. विषय संपला.

तोवर चेहऱ्याला मसुराचं पीठ आणि साय. वाळून कडक होऊ द्यायचं नाही, ओलसर असतानाच गोल गोल चोळून काढायचं. शिकेकाई एक उकळी आणून निवली की जुन्या पंचातून गाळायची. गाळणीने गाळलीत तर तीन दिवस खांद्यावर कणी पडते आणि ऑफिसात लोक कोंड्यावरचे उपाय सुचवतात. अनुभवाचे बोल आहेत.

तुम्ही काय करता? सविस्तर लिहा. फक्त "पार्लरला जा" सांगू नका. मागे एकदा गेले होते. डोकं मागे टाकून डोळे मिटले, तोच कानाशी आवाज आला, "मॅडम, केस फारच ड्राय झालेत हो, स्मूदनिंग करून टाकू या का?" लाड करून घ्यायला गेले आणि दोष ऐकून आले.

बग_फिक्स | दुपारी १:०५

ताई, हात वर करून दाखवायची आयडिया घेतली आहे. आमच्याकडे ऑफिस कॉलला चालेल का बघते.

टँकरग्रस्त | दुपारी १:२२

ज्यांच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं त्यांनी केसांबद्दल बोलूच नये. मी वाघोलीला. सोसायटीत बोअर, कमी पडलं की टँकर. बादलीच्या कडेला पांढरा थर, गीझरचा रॉड दर वर्षी बदलायचा. लग्नाआधी शनिवार पेठेत होते तेव्हा केसांतून बोटं फिरायची, आता अडकतात. शिकेकाईने फरक पडेल का? की माहेरी जाऊन न्हायचं दर रविवारी? (तशी आईची हरकत नाही. वहिनीची असावी.)

रसायनी | दुपारी २:१०

पडेल, पण थोडा. शाळेत आपण 'दुष्फेन पाणी' शिकलो होतो, ते हेच. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाची त्यांच्याशी गाठ पडली की न विरघळणारा साका होतो आणि तो केसांवर बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा (म्हणजे याच क्षारांचं प्रमाण) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. बोअरच्या पाण्याची एकदा तपासणी करून घ्या, आकडा बघून निम्मं कोडं सुटेल.

शिकेकाई-रिठ्यात सॅपोनिन असतं. त्याचा फेस होतो, मळ सुटतो, पण साबणासारखा साका होत नाही. शिवाय शिकेकाईचं पाणी किंचित आंबट असतं, साबण अल्कधर्मी. आपली त्वचाही किंचित आम्लधर्मीच असते, त्यामुळे शिकेकाई मानवते. मात्र लगेच "बघा, आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" असं म्हणायला धावू नका. शँपूतही साबण नसतो, त्याचाही साका होत नाही. दुष्फेन पाण्यात केस राठ होतात ते क्षार थेट केसांवर बसल्यामुळे. त्यावर सोपा उपाय: शेवटचा तांब्या गाळलेल्या किंवा आरओच्या पाण्याचा, त्यात चमचाभर व्हिनेगर. वास वाळल्यावर जातो.

आणि कुणीही खायच्या सोड्याने केस धुऊ नका. इंटरनेटवर फार चाललंय ते. सोडा अल्कधर्मी, केस फुगून खरबरीत होतात. फरशीला वापरा.

अर्धचंद्र | दुपारी २:३१

माझं रविवारचं न्हाणं: ओला रुमाल, एक फेरी, चाळीस सेकंद. शेवटचा तांब्या लागत नाही, शेवटची वाटी पुरते. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

कुरळी | दुपारी ३:१५

मी थोडी वेगळी बाजू मांडते. लहानपणी दर रविवारी आई मला दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून तेल चोपडायची आणि बारीक दातांच्या फणीने विंचरायची. केस कुरळे. मी रडायची, आई म्हणायची "शिंदळीचे केस आहेत, सरळच होत नाहीत". माझ्यासाठी हा लाडाचा वार नव्हता, शिक्षेचा होता. तिशी ओलांडल्यावर कळलं की कुरळे केस कोरडे विंचरायचेच नसतात. ओले असताना, जवसाच्या चिकात (दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचे, गरम असतानाच गाळायचे, गार झालं की गाळताच येत नाही) बोटांनीच सोडवायचे आणि सुती टीशर्टने टिपायचे. पहिल्यांदा केलं त्या दिवशी आरशासमोर अर्धा तास उभी होते.

दुसरं, डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवू नका. कोंड्यामागे जी बुरशी असते तिला तेलच लागतं जगायला. मी वर्षभर कोंड्याला खाऊ घालत होते.

निगुती | दुपारी ३:४०

कुरळी, वाचून पोटात कालवलं. माझ्या धाकटीचे केस तुझ्यासारखे आहेत आणि मी तेच करते. आजपासून बंद. जवस घरात आहेत.

आजोळ | सायंकाळी ५:५०

माझं वय ७२, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. आमच्या लहानपणी नारायण पेठेतल्या वाड्यात एकच बंब होता, सात बिऱ्हाडांचा. रविवारी बायकांचे नंबर लागत. ज्या बाईचा नंबर शेवटचा तिला उरलेल्या निखाऱ्यावर उकळलेलं आल्याचं पाणी प्यायला मिळे, म्हणून माझी आई मुद्दाम शेवटी जायची. पाठीमागे कुणी दार वाजवणारं नसायचं. तुमच्या दोन तासांवरून ते आठवलं.

चंदन आम्ही सहाणेवर उगाळायचो. खोड धरून चार थेंब पाण्यात फिरवायचं, चिमूटभर गंध निघायला दहा मिनिटं. आता चाळीस रुपयांत डबीभर "शुद्ध चंदन पावडर" मिळते. चंदनाचा भाव ठाऊक असलेल्या माणसाने ती डबी बघून फक्त हसावं. माझ्या आईचं खोड अजून माझ्याकडे आहे, करंगळीएवढं उरलंय.

उटण्याबद्दल एक सांगते. मंडईकडून काष्ठौषधी आणून आम्ही घरी करायचो: वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा, संत्र्याची साल, आंबेहळद, मुलतानी माती. काही जणी बावचीही घालायच्या. सासूबाई घालू देत नसत. "बावची अंगाला लावून उन्हात गेलीस तर फोड येतील," म्हणायच्या.

रसायनी | सायंकाळी ६:२०

आजोळकाकू, तुमच्या सासूबाईंना दंडवत. बावचीत सोरॅलेन नावाचं द्रव्य असतं, ते बावचीच्याच लॅटिन नावावरून ओळखलं जातं. कातडीवर असताना ऊन लागलं की भाजतं. कोडावर बावची देतात ती याच गुणामुळे, पण वैद्याच्या देखरेखीखाली. अभ्यंगस्नान पहाटे अंधारात होतं म्हणून आपल्यातल्या कित्येक जणी वाचल्या असतील.

बग_फिक्स | सायंकाळी ६:४५

थांबा थांबा. हेच लिंबातही असतं का??

रसायनी | सायंकाळी ६:४८

त्याच कुळातली द्रव्यं असतात. सालीत जास्त. का?

बग_फिक्स | सायंकाळी ७:३०

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये शनिवारी सकाळी मध-लिंबू लावलं, कारण एका रीलमध्ये बाईचा चेहरा चकाकत होता. नुसतं पाण्याने धुतलं आणि लगेच गाडीवरून सिंहगड. पुण्याची मुलगी असून त्या दिवशी स्कार्फ नाही! (चकाकणारा चेहरा झाकायचा कशाला.) गडावर पिठलं-भाकरी खाईपर्यंत काही नाही. रविवारी गालाची आग सुरू झाली, सोमवारी हनुवटीवरून गळ्यापर्यंत लाल ओघळ, जिथून रस ओघळला होता बरोब्बर तिथून. मग ते ओघळ तपकिरी झाले आणि दिवाळीपर्यंत राहिले. हिंजवडीत मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसायचे. मी दोन वर्षं त्या मधाला शिव्या देतेय. त्वचेच्या डॉक्टरांनी ऊन टाळा, सनस्क्रीन लावा एवढंच सांगितलं होतं. लिंबू लावलं होतं हे मी लाजेने सांगितलंच नव्हतं.

टँकरग्रस्त | सायंकाळी ७:४१

डॉक्टरपासून लिंबू लपवलंस, धन्य आहे.

पाचगणी_फास्ट | रात्री ८:१५

सगळं नैसर्गिक असेल तर अपाय होतच नाही असं माझं ठाम मत आहे. त्रास होतो तो भेसळीने. लिंबूसुद्धा फवारलेलं असेल. केमिकल टाळा, तब्येत सांभाळा.

रसायनी | रात्री ८:३२

पाणीही केमिकल आहे हो. धोतरासुद्धा नैसर्गिक आहे आणि महादेवाला वाहायच्या पलीकडे कुणी त्याच्या वाटेला जात नाही.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे मला कंपन्यांचा एजंट म्हणणार नाही कुणी. खोबरेल तेलाबद्दल २००३ मध्ये भारतातल्या दोन संशोधकांचा निबंध आला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांना लावून त्यांनी तुलना केली. धुताना केसातलं प्रथिन निघून जातं, ते खोबरेलाने कमी झालं, बाकी दोघांनी नाही. लॉरिक आम्लाचा सरळ छोटा रेणू केसाच्या आत शिरतो, असं त्याचं कारण. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हेही लक्षात ठेवा, पण मुद्दा पटण्यासारखा आहे. म्हणजे न्हायच्या आधी तेल लावायची आपली रीत बरोबर. पण तेलाने केस उगवतात हे मात्र कुठून आणायचं? उगवतं ते कातडीच्या आतल्या मुळाशी, आणि महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. त्याला कितीही माका-ब्राह्मी पाजा.

निगुती | रात्री ८:५०

अहो, पण माझ्या मावसबहिणीचे बाळंतपणानंतर मूठभर केस जात होते, माक्याच्या तेलाने चार महिन्यांत थांबले.

रसायनी | रात्री ८:५८

बाळंतपण, डेंग्यू, मोठा ताप, यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जायला लागतात आणि काही महिन्यांनी बहुतेकांचे आपोआप थांबतात. माणूस तेल कधी आणतो? गळती ऐन भरात असताना. मग थांबायच्या वेळी हातात बाटली असते.

अर्धचंद्र | रात्री ९:०२

याच न्यायाने माझे केस थांबले तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. डोक्यावरही.

पाचगणी_फास्ट | रात्री ९:१०

श्रद्धा असेल तर गुण येतो.

कुरळी | रात्री ९:२६

श्रद्धेवरून धागा घसरायच्या आत मेंदीचं सांगते. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस-नारिंगीच येतो. लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात भिजवलीत तर थोडा गडद. पाकिटावर "काळी मेंदी, १५ मिनिटांत" लिहिलं असेल तर ती मेंदी नव्हे, तिच्यात पीपीडी नावाचा डाय असू शकतो. माझ्या काकूच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते, ऐन मुंजीत. फोटोत तिला गॉगल आहे. काळेच हवे असतील तर आधी मेंदी, धुऊन मग निळीच्या पाल्याची पूड (कपड्यांची नीळ नव्हे!!) तासभर. अर्धा दिवस जातो. पण आपण धागा त्यासाठीच काढलाय ना?

टँकरग्रस्त | सोमवार, सकाळी ११:१५

निगुती, तुझ्या पुडीचं प्रमाण दे ना. विकतच्या पाकिटात नुसतीच माती लागते हाताला.

निगुती | सोमवार, दुपारी १:३०

घे. शिकेकाई १ किलो, आवळकाठी पाव किलो, रिठा पाव किलो (फोडून बिया काढून), मेथी १०० ग्रॅम, नागरमोथा १०० ग्रॅम, गव्हला आणि कचोरा ५०-५०, संत्र्याच्या वाळलेल्या साली आणि जास्वंदीची फुलं घरात साठतील तेवढी. शेंगा मोडताना कडाक्कन आवाज यायला हवा, वाकली तर अजून ऊन दाखवायचं. मे महिन्यात गच्चीवर चार दिवस पुरतात.

खरी परीक्षा पुढे आहे. पिठाची गिरणी हे घेत नाही. मी पहिल्यांदा भोळेपणाने डबा घेऊन गेले. गिरणीवाल्याने झाकण उघडलं, एक शिंक दिली आणि झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला. एक शब्द बोलला नाही. "शिकेकाई दळून मिळेल" अशी पाटी असलेलं ठिकाण शोधायचं. तिथला माणूस नाकातोंडाला फडकं बांधून असतो आणि बाहेर थांबलेली आपण पाच-सहा जणं आळीपाळीने शिंकत असतो. मिक्सरमध्ये करायचा विचारही करू नकोस. मी केलाय. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही, कारण बोलायला तोंड उघडलं की शिंक.

हवाबंद बरणीत वर्षभर टिकते. ओला चमचा घालू नये.

आजोळ | सोमवार, दुपारी ४:००

रिठा थोडा कमी चालेल. केस कोरडे होतात.

अर्धचंद्र | सोमवार, रात्री १०:४५

एक खरा प्रश्न विचारतो. इतका वेळ चेष्टा केली, माफ करा.

आई ८१ वर्षांची. खांदा धरलाय, हात वर जात नाही. गेले तीन महिने तिचे केस मीच धुतोय, कारण येणाऱ्या ताई शँपू लावून भराभर उरकतात आणि आई नंतर दिवसभर काही बोलत नाही. केस पांढरे, पातळ, पण अजून पाठीपर्यंत आहेत. तेल लावायला बसलो तर पहिल्या दिवशी मला म्हणाली, "नखं लावू नकोस, पेरांनी लाव." वरची पहिली पोस्ट वाचून दचकलो म्हणूनच.

तर तिला शिकेकाईच हवी आहे. पण खुर्चीत बसवून डोकं मागे केलं की तिला घेरी येते, पुढे वाकवलं की पाणी डोळ्यांत जातं. थंडीत खोबरेल थिजतं ते वितळवावं किती, तेही कळत नाही, मागच्या वेळी चटका बसला तिला. कसं करू?

निगुती | सोमवार, रात्री ११:१०

मागे अजिबात नको. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवा, पुढे दुसरी खुर्ची ठेवून तिच्या पाठीवर उशी आणि उशीवर टॉवेल. त्यावर कपाळ टेकवून बसू दे, म्हणजे मान अधांतरी राहत नाही. डोळ्यांवर घडी घातलेला पंचा त्यांनी स्वतःच धरायचा, ज्या हाताने धरता येतो त्या हाताने. कानात तेलाचा हात लावलेले कापसाचे बोळे. तांब्या नको, चहाच्या किटलीने पाणी घाला, बारीक धार पडते आणि हवी तिथेच पडते.

खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं, त्याला गॅसवर ठेवायची गरजच नाही. बाटली गरम पाण्याच्या मगात उभी करा आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघा.

आणि आईंच्या पुडीत रिठा नको, डोळ्यांत गेला की फार झोंबतो. नुसती शिकेकाई, आवळा आणि गव्हला. मी बिनरिठ्याची थोडी वेगळी काढून ठेवते तुमच्यासाठी.

आजोळ | मंगळवार, सकाळी ६:३०

शेवटी गार पाणी घालू नका. आणि केस वाळेपर्यंत तुम्हीच जवळ बसा.

अर्धचंद्र | रविवार, दुपारी १२:२०

झालं. किटली जमली. पाऊण तास लागला. आता गॅलरीत उन्हाला पाठ करून बसली आहे, केस मोकळे सोडून. मघाशी आत्याचा फोन आला होता. मी म्हटलं, "आई न्हालीय, एक वाजता कर." आत्याने विचारलं, "अरे, कोण गेलं?"